वंश, वतन आणि पाणी

आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात एक वंशावळ आहे. जाड, पिवळ्या पडलेल्या कागदावर मोडी अक्षरांत लिहिलेली, खाली १९२२ सालची तारीख असलेली. सात पिढ्यांची नावे तीत आहेत आणि सगळी पुरुषांची आहेत. आमच्या पणजोबांच्या नावाशेजारी त्यांच्या धाकट्या भावाचे नाव आहे. त्याखाली रेघ नाही, फक्त दोन आखूड अक्षरे आहेत : 'नि. सं.', म्हणजे निःसंतान. लहानपणापासून हा कागद आम्ही अनेकदा पाहिला होता. त्या दोन अक्षरांवर आमची नजर कधी थांबली नव्हती. मोडी वाचता येत नव्हती हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, ज्याला संतती नाही त्याच्याविषयी विचारण्यासारखे काही असेल, असे आम्हांला वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कुळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी कुलवृत्तांत छापावयाचे मनावर घेतले आणि मुळशीकडील शाखेची माहिती जुळवण्याचे काम आमच्याकडे आले. योगायोग असा की, त्याच सत्रात आम्ही वर्गात 'युद्ध आणि शांती' शिकवत होतो. या कादंबरीची पात्रे विद्यार्थ्यांच्या लक्षात राहत नाहीत म्हणून फळ्यावर घराण्यांचे तक्ते काढावे लागतात : रस्तोव, बल्कोन्स्की, कुरागिन, बेझुखव. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे तक्ते तिकडे खरोखर कोणी ठेवत असे का? आणि कशासाठी?" प्रश्न साधा होता. आम्ही उत्तर शोधू लागलो आणि ते आमच्या ट्रंकेपाशी येऊन थांबले.

रशियात असे तक्ते खरोखरच ठेवले जात. सतराव्या शतकापर्यंत तेथे मेस्त्निचेस्त्वो नावाची पद्धत होती. लष्करात किंवा दरबारात कोणी कोणाच्या हाताखाली काम करावयाचे, पंक्तीत कोणी कोठे बसावयाचे, हे माणसाच्या कर्तृत्वावरून ठरत नसे. त्याच्या पूर्वजाने दुसऱ्याच्या पूर्वजाच्या वर की खाली चाकरी केली होती, यावरून ठरे. त्यासाठी नेमणुकांच्या वह्या ठेवल्या जात आणि मानापमानाचे तंटे त्या वह्यांच्या आधारे लढवले जात. १६८२ साली झार फ्योदोर याने ही पद्धत बंद केली आणि त्या वह्या जाळून टाकविल्या. पण वह्या जळाल्या तरी घराण्यांना आपले मूळ कोठेतरी लिहून हवे होतेच. त्यातून पुढील काही वर्षांत थोर घराण्यांच्या वंशावळींचा एक अधिकृत ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या बांधणीवरून त्याला 'मखमली ग्रंथ' म्हणतात. पीटरने १७२२ साली दर्जांचा तक्ता घालून चाकरीतून उमरावपद मिळवण्याची वाट खुली केली. कॅथरीनने १७८५ च्या सनदेने प्रत्येक प्रांतात उमरावांच्या वंशावळींची सहा भागांची वही ठेवण्याचा नियम केला. सहावा भाग सर्वांत जुन्या घराण्यांचा, आणि त्यात नाव असावे ही प्रत्येकाची इच्छा. नाव चढवावयाचे तर पुरावा लागे. म्हणजे कागद लागे.

हे सारे मराठी वाचकाला परके वाटू नये. मावळातील देशमुख घराण्यांचा इतिहास आपल्याला कशातून कळतो? मोसे खोऱ्यात पासलकर, मुठे खोऱ्यात मारणे, पौड खोऱ्यात ढमाले, रोहिडखोऱ्यात जेधे. यांच्या हकीकती महजर, करीने आणि कैफियती यांतून आल्या आहेत. करीना म्हणजे घराण्याची साद्यंत हकीकत. पण ती कोणी फावल्या वेळी आठवणी म्हणून लिहिलेली नसते. वतनाचा तंटा उभा राहिला, पाटीलकीवर किंवा देशमुखीवर भाऊबंदांपैकी कोणी हक्क सांगितला, की गोतसभेपुढे मूळ पुरुषापासूनची हकीकत मांडावी लागे. पूर्वज कोण, वतन कोणी दिले, कोणाचा खून कोणी केला, नांगर मानाचा कोणाचा, शिरपाव आधी कोणाला. राजवाड्यांनी आणि भारत इतिहास संशोधक मंडळाच्या अभ्यासकांनी जे दप्तर गावोगाव हिंडून गोळा केले, त्याचा मोठा भाग अशा तंट्यांतून निपजलेला आहे. शिवकालाच्या कालगणनेला आधार ठरलेली जेधे शकावली देशमुखांच्याच घरातून बाहेर आली, हेही येथे आठवावे.

म्हणून आम्ही त्या विद्यार्थिनीला एवढेच उत्तर देऊ शकलो : वंशावळ ही रक्ताची आठवण नसते, हक्काची आठवण असते. हक्क सांगावयाचा असेल तेव्हा ती लिहिली जाते आणि जो वाटेकरी नको असेल तो तीत येत नाही. कादंबरीच्या आरंभी वृद्ध काउंट बेझुखव मरणशय्येवर असताना एका कागदांच्या पाकिटावरून झोंबाझोंबी होते. त्या पाकिटात मृत्युपत्र असते, आणि अनौरस पुत्र पिएर याला औरस ठरवावे असा सम्राटाकडे केलेला अर्जही. पाकीट कोणाच्या हाती पडते, यावर पिएर हा रशियातील एक अतिश्रीमंत उमराव की कोणीच नाही, हे ठरणार असते. माणूस तोच, रक्त तेच. वर्गात हे सांगताना आम्ही मोठे रंगून गेलो होतो. त्या वेळी आपल्या घरच्या कागदावरील तारीख आमच्या मनात आली नव्हती.

ती तारीख १९२२ ची होती. त्या वर्षी मुळशी खोऱ्यात वंशावळी कशासाठी लिहिल्या जात होत्या?

मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ धरण बांधून त्याचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्यास उतरवावयाचे आणि त्यावर निघालेली वीज मुंबईस न्यावयाची, ही टाटांची योजना. तिच्यासाठी सुमारे पन्नास गावांची जमीन जाणार होती. १८९४ च्या कायद्याने सरकार ती संपादन करून देणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहाला आरंभ झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव या लढ्याने दिले. १९२४ च्या अखेरीस त्यांनी मजूर नेणारी आगगाडी पिस्तूल घेऊन अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्याचा इतिहास लिहिला. पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्याचा साक्षेपी अभ्यास केला. व्होरांच्या विवेचनातील एक गोष्ट आमच्यासारख्यांना टोचणारी आहे. खोऱ्यातील पुष्कळ जमिनींवर सावकारांचा ताबा होता, त्यांपैकी अनेक पुण्याचे ब्राह्मण होते, आणि नुकसानभरपाई चांगली मिळते असे दिसल्यावर त्यांचा विरोध मावळत गेला. जमीन कसणारा मावळा मात्र जमिनीबरोबरच गेला.

आमचे घराणे त्या खोऱ्यातील कुलकर्णी वतनदारांचे. १९२२ ची वंशावळ भरपाईच्या अर्जासोबत जोडण्यासाठी तयार केलेली होती, हे तिच्या मागील मजकुरावरून आम्हांला कळले. तोपर्यंत मोडी वाचण्याचा थोडा सराव झाला होता.

त्यानंतर आम्ही गावी गेलो. गाव म्हणजे काय उरले आहे ते. पौड ओलांडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागले की पाणी दिसू लागते. रविवारी तेथे पुण्याच्या मोटारी थांबतात, कणसे भाजली जातात, छायाचित्रे काढली जातात. मूळ गाव त्या पाण्याखाली आहे. जे लांब गेले नाहीत त्यांनी वरच्या अंगाला घरे बांधली. तेथे आमच्या जुन्या कुळांपैकी एका घरातील वृद्ध गृहस्थ भेटले. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही त्यांना आबा म्हटले, त्यांनी आम्हांला आडनावाने ओळखले आणि ओटीवर बसावयास घोंगडी घातली. त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या बुडण्याअगोदरच्या गावाच्या गोष्टी ते सांगत होते : वाडा कोठे होता, विहीर कोठे, खळे कोठे. बोलता बोलता म्हणाले, "धाकल्या पंतांची लेक आमच्या आजीनं अंगाखांद्यावर खेळवली व्हती. पंत तापाच्या साथीत गेलं. मग बाईसाहेब लेकीला घेऊन म्हायेराला गेल्या, त्या काय परत आल्या न्हाईत."

आम्ही म्हटले, "आबा, धाकट्यांना मूलबाळ नव्हते."

ते हसले. "असं कागदात आसंल."

घरी येऊन आम्ही ट्रंक पुन्हा उपसली. जमाखर्चाच्या वह्या होत्या, त्या आजवर कोणी उघडल्या नव्हत्या. १९१७ च्या वहीत श्रावणात एक खर्च सापडला : धाकटे पातीकडील कन्येचे बारसे, गूळ, खारका, सुईणीस लुगडे. कन्येचे नाव नाही. जमाखर्चात ते लागत नाही. पुढच्या वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली. १९१९ च्या वहीत वहिनींच्या माहेरी पाठविलेल्या काही रकमा आहेत, पुढच्या वहीत कमी आहेत, त्यानंतर नाहीत. १९२३ च्या वहीत भरपाईची रक्कम एकाच नावावर जमा आहे.

येथे कायदा समजून घ्यावा लागतो. एकत्र कुटुंबातील पुरुष पुत्राविना वारला तर त्याचा हिस्सा मागे राहिलेल्या भावांकडे जाई. विधवेला अन्नवस्त्र, मुलीला लग्नाचा खर्च. विधवेला पतीच्या हिश्श्यात काही अधिकार १९३७ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे आमच्या पणजोबांनी काही बेकायदा केले असे नाही. 'मुलगी एक' असे लिहिले असते तरी पैसे त्यांनाच मिळाले असते. मग 'नि. सं.' का लिहिले? आम्हांला वाटते, त्यांनी काही लपविले नाही. त्यांना ते खोटे वाटलेच नाही. संतती म्हणजे पुत्र, ही त्या कागदाची भाषाच होती. त्या रकमेतून पुण्यात घर झाले, आजोबा शिकले, वडील शिकले, आणि आम्ही आज महाविद्यालयात उभे राहून पिएर बेझुखवच्या पाकिटाविषयी रंगून बोलतो.

रशियात पुढे काय झाले, ते पाहिले तर ही गोष्ट अधिक उमगते. नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेविक सरकारने एका हुकमाने सारे वर्ग, पदव्या आणि मुलकी दर्जे रद्द केले. १९१८ च्या राज्यघटनेने दुसऱ्याच्या श्रमावर किंवा श्रमाविना उत्पन्नावर जगणारे, व्यापारी, धर्मगुरू, जुन्या पोलिसखात्यातील माणसे यांचा मताधिकार काढला. पुष्कळ जुनी उमराव घराणी त्यात सापडली. नोकरीच्या, शिक्षणाच्या अर्जात 'सामाजिक मूळ' विचारले जाई. जी वंशावळ मखमलीत बांधली जात होती, ती आता जीवावर बेतू लागली. लोकांनी पत्रे जाळली, छायाचित्रांतील गणवेश कापून टाकले, आडनावे बदलली. ज्या आजीचे मूळ शेतकऱ्याचे होते आणि जिचा उल्लेख पूर्वी टाळला जाई, ती अर्जात पुढे आली. पॅरिसमध्ये निर्वासित झालेल्या निकोलाय इकोन्निकोव यांनी १९३३ पासून उमराव घराण्यांच्या वंशावळींचे खंड काढण्यास आरंभ केला. रशियात राहिलेल्यांपैकी सेर्गेई गलीत्सिन यांनी आपल्या घराण्याची वाताहत आठवणींत लिहून ठेवली. ते १९८९ साली वारले आणि ते पुस्तक त्यांच्या मागे छापले गेले. १९९० साली मॉस्कोत उमरावांच्या वंशजांची सभा स्थापन झाली, आणि लोक जाळलेले कागद पुन्हा शोधू लागले.

आमच्याकडे क्रांती झाली नाही, कायदे झाले. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली, १ एप्रिल १९५७ रोजी कूळ जमिनीचे मालक ठरले, १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने गेली. या शेवटच्या वतनांतील गुलामगिरीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. आमच्या कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही, कोणाला आडनाव लपवावे लागले नाही. गलीत्सिनांच्या शेजारी आमची ट्रंक मांडणे हा आगाऊपणा होईल, हे आम्ही जाणतो. आणि मुळशीपुरते पाहिले तर १ एप्रिल १९५७ ला उशीर झाला होता. आबांच्या घराने जी जमीन कसली होती ती तीस वर्षांपूर्वीच पाण्याखाली गेली होती. जिचे मालक व्हावे अशी जमीनच उरली नव्हती. भरपाईच्या कागदावर त्यांच्याही घराचे नाव कोठे नव्हते.

मराठीत एकच क्रियापद या सगळ्याला पुरते. वंश बुडाला, वतन बुडाले, गाव बुडाले. आमच्या घरात 'आपले बुडाले' असे म्हणत, तेव्हा त्यात गाव आणि वतन दोन्ही येई. आपल्यामुळे आणखी कोणाचे काय बुडाले, हे त्या वाक्यात येत नसे.

कागद कोणत्या कामासाठी लिहिला जातो, त्यावर त्यात काय दिसते हे ठरते, याचा ताजा प्रत्यय महाराष्ट्राने घेतला आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर गावोगावची जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरे बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली, घरोघर वंशावळी जुळविल्या जाऊ लागल्या. एके काळी पाटीलकी, देशमुखी आणि शहाण्णव कुळे सांगण्यासाठी लिहिल्या गेलेल्या वंशावळी आता पणजोबांच्या नावापुढील 'कु.' या अक्षरासाठी तपासल्या जात होत्या. त्यात कोणाची थट्टा करण्याचे कारण नाही. पणजोबा तेच आहेत. त्यांना विचारावयाचा प्रश्न बदलला आहे. आमचाही बदलला होता.

मग आम्ही त्या मुलीचा शोध घेतला. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची १९१९ ची नोंद मिळाली. भावाच्या अस्थी घेऊन ते गेले होते. नोंदीत पुरुषांचीच नावे. वहिनींचे माहेर कोकणात, एवढेच जमाखर्चावरून कळते. मुलीचे लग्न झाले असेल तर सासरचे आडनाव आले, बहुधा नावही बदलले. ती मोठी झाली की नाही, हेही सांगता येत नाही. तिचा वंश आज कोठे असेल तर त्यांच्या वंशावळीतही ती नसणार. तेथे तिच्या नवऱ्याचे नाव असेल.

येथे पुश्किनची आठवण होते. आपल्या घराण्याच्या प्राचीनतेचा त्याला अभिमान होता. त्यावर कोणी कुत्सितपणे बोलले म्हणून १८३० मध्ये त्याने 'माझी वंशावळ' ही कविता लिहिली. पण त्याच्या ज्या पूर्वजाची आज जगाला सर्वांत अधिक आठवण आहे, तो आफ्रिकेतून आणलेला, पीटरचा मानसपुत्र झालेला अब्राम गानिबाल, पुश्किनच्या आईचा आजोबा होता. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या तक्त्यात गानिबालला जागा नाही. पुश्किनने त्याच्यावर कादंबरी लिहावयास घेतली, ती अपुरी राहिली. तरी तो आपल्याला माहीत आहे, कारण मुलाच्या मुलीचा मुलगा लेखक निघाला, आणि त्याने आईची बाजू सोडली नाही.

वंशावळ पाठवावयाची वेळ आली तेव्हा आम्ही स्वच्छ देवनागरीत नवी प्रत केली. 'नि. सं.' गाळले आणि तेथे 'कन्या एक' असे लिहिले. कुलवृत्तांताच्या संपादकांचा दूरध्वनी आला. वयाने आणि नात्याने वडील, आम्ही त्यांना काका म्हणतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, मुलींच्या नोंदी आपण घेतोच. पण नाव नाही, सासर नाही, तर नोंद कशाची करायची?"

आम्ही म्हटले, "काका, बारशाचा खर्च आहे."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरे, रेघ ठेवतो."

मुद्रितांची तपासणी करताना ते पान आमच्याकडे आले. धाकट्या पातीखाली एक उभी रेघ आहे, तिच्या टोकाशी 'कन्या', जन्म १९१७, आणि पुढे मोकळी जागा. ते पान घेऊन आम्ही आबांकडे जाऊन आलो. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, "ही ती का?" आम्ही होय म्हटले. मग त्यांनी विचारले, "आन आमचं कुठं?"

त्याचे उत्तर कुलवृत्तांतात देता येणार नव्हते. म्हणून हा लेख.